खिडकीची जागा

रस्त्यावरून सात पायऱ्या खाली उतरलं की तिचं सलून. आत दोन खुर्च्या, खुर्च्यांसमोर भिंतभर आरसा, कोपऱ्यात केस धुवायचं बेसिन आणि दाराजवळ वाट बघणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी एक लांब बाक. खिडकी एकच, छताला चिकटलेली, आडवी आणि अरुंद. तिच्यातून आभाळ दिसत नाही, फांदी दिसत नाही. दिसतात ती येणारी-जाणारी पावलं. घाईची पावलं, आळसाची पावलं, टाच झिजलेली, नाडी सुटलेली. चौदा वर्षं खालून पावलं बघून बघून तिचं असं झालं होतं, की माणूस पायऱ्या उतरायच्या आत त्याला केस कापायचेत की नुसतं बोलायचंय, हे ती सांगून मोकळी व्हायची.

बाकाच्या दाराकडच्या टोकाला तिचे सासरे बसायचे. सासूबाई गेल्या, त्यानंतर पंधरवड्याने एका सकाळी ती सहज म्हणाली होती, बाबा, चला दुकानात, तेवढीच मला सोबत. त्या एका सकाळीला आता आठ महिने झाले होते. रोज दहाच्या ठोक्याला पाण्याची बाटली, चष्म्याचं घर आणि वर्तमानपत्र घेऊन ते यायचे आणि पाचला उठायचे. त्रास म्हणाल तर काडीचा नाही. उतरणाऱ्याला शेवटची पायरी उंच आहे म्हणून सांगायचे, ओल्या छत्र्या नीट उभ्या करून ठेवायचे, कुणाचं मूल रडायला लागलं तर त्याला हवेत गिअर टाकून दाखवायचे.

फक्त एक होतं. ते आरशात बघायचे.

चौतीस वर्षं त्यांनी शहराची बस चालवली होती. डोळे रस्त्यावर, आणि घडीघडीला वर, डोक्यावरच्या आरशात. नोकरी संपली, बस गेली, मान तशीच राहिली. पेपर वाचता वाचता मान वर जायची, नजर आरशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायची आणि पुन्हा पेपरात उतरायची. त्यांचं त्यांना कळतसुद्धा नव्हतं. पण खुर्चीवर जी बाई असायची, केसांत चंदेरी कागद, कपाळावर रंगाचा ओघळ, एक भुवई कोरलेली आणि दुसरी अजून जंगल, तिची नेमकी त्या नजरेशी गाठ पडायची.

पोस्टातल्या बाईंनी शेवटी तोंड उघडलं. या बाई पोस्टाच्या काउंटरवर बसत, दर तीन आठवड्यांनी मंगळवारी केस रंगवायला येत आणि त्यांच्या मागून त्यांच्या ऑफिसातल्या पाच-सहा जणी येत. त्यांनी तिला मान खाली वाकवायला लावली आणि कानात सांगितलं, की तुमचे सासरे भले गृहस्थ आहेत, त्याबद्दल प्रश्नच नाही.

"पण ताई, डोक्याला हे असलं काळं फासून, गळ्यापर्यंत कापड बांधून मी बसते ना, तेव्हा माझ्या नवऱ्यानेसुद्धा माझ्याकडे बघू नये असं मला वाटतं."

त्यांच्या ऑफिसातल्या दोघी तर आता दुसरीकडे जायला लागल्या होत्या, हेही त्यांनी सांगितलं. रागाने नाही, पार्सल फाटलंय, बघून घ्या, असं सांगावं तसं.

घरी तिने नवऱ्याच्या कानावर घातलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, त्यामुळे कुठलीही अडचण म्हणजे अडकलेली लिफ्ट, एक बटण दाबलं की सुटली, असं त्याला वाटायचं. मग बाबांना घरी बसू दे, म्हणाला, मीच सांगतो त्यांना. तिने त्याला सांगितलं, की तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. कारण सासरे दुकानात यायला लागायच्या आधी, सासूबाई गेल्या त्या पंधरवड्यात, एकदा डोकं दुखतं म्हणून ती भर दुपारी घरी आली होती, तेव्हा सासरे स्वयंपाकघरात उभे होते, हातात सासूबाईंचा चष्मा घेऊन. शर्टाच्या टोकाने काचा पुसत होते. पुसून झाल्या की उजेडाकडे धरून बघायचे, पुन्हा पुसायचे. किती वेळ चाललं होतं कोण जाणे. त्या रिकाम्या घरात त्यांना परत बसवायचं नाही, एवढं तिचं पक्कं होतं. आणि गिऱ्हाईक तोडून दुकान चालत नाही, हेही तिला कळत होतं.

म्हणजे त्यांना आरशापेक्षा बरं असं काहीतरी बघायला द्यायला हवं. टीव्हीचा विचार तिने केला आणि सोडला. टीव्हीवर कुणी गाडी चालवताना दिसलं, की हा आरशात बघतच नाहीये, याला लायसन कुणी दिलं, असं पुटपुटून ते उठून जायचे.

मग तिला माशांची टाकी सुचली.

टाकीवाल्याचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. गिऱ्हाइकाला काही विकण्यापेक्षा परत पाठवण्यात त्याला जास्त गोडी आहे, अशी त्याची ख्याती होती. आतमध्ये हिरवा-निळा अंधार, पंपांची गुरगुर, आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन तो एका टाकीत कोपरापर्यंत हात घालून बसलेला. ती आत गेली आणि सरळ एका लालचुटुक झाडाच्या काचेवर बोट ठेवलं. रंगाचा नंबरसुद्धा तिला ठाऊक होता. तिच्या गिऱ्हाइकांत सध्या त्याचीच चलती होती.

हात बाहेर न काढता त्याने विचारलं, टाकी कुठे ठेवणार? तिने सांगितलं. भर दुपारी, दिवा न लावता, तिथे पेपर वाचता येतो का?

तिने आठवून बघितलं. "मथळा वाचता येतो. खालची बातमी नाही."

"मग लाल विसरा," तो म्हणाला. लाल झाडाला भरपूर उजेड लागतो, वर खत लागतं, वर वायूची बाटली लागते. तुमच्या तळघरात ते आठ दिवसांत काळं पडेल आणि शिव्या मला बसतील. त्याने हात पुसला आणि तिला मागच्या, दिवा नसलेल्या रांगेकडे नेलं. थोडक्या उजेडात समाधानाने जगणारी झाडं इथे होती. दिसायला साधी, तो म्हणाला, पण नवशिक्याला सांभाळून घेणारी.

तिने ती आपल्या पद्धतीने ओळखून ठेवली. अनुबियास: जाड, गडद पानांचं, वर्षातून चार पानं काढणारं, दाट, राठ, हट्टी केस. जावा फर्न: लांब सरळ पानं, कापायची गरज नाही. जावा मॉस: कुरळं, कधीच विंचरू नये असं. आणि क्रिप्ट, म्हणजे पूर्ण नाव क्रिप्टोकोरीन: तपकिरी-हिरवी, कडा लाटालाटांच्या, आंघोळीनंतर आपोआप वाळलेल्या केसांसारखी. क्रिप्ट तिला फारच आवडली. तिने तीन घेतल्या.

अनुबियासचं आल्यासारखं आडवं खोड असतं, ते खड्यांत पुरायचं नाही, पुरलं की कुजतं. फर्नचंही तसंच. दोन्ही लाकडाला बांधायची, मुळं आपली आपण पकड घेतात. कशाने बांधू, म्हणून तिने विचारलं. सुती दोऱ्याने, तो म्हणाला. तिने पर्स उघडली, आयब्रो करायच्या दोऱ्याचं रीळ काढलं, एक टोक सवयीने दातात धरलं आणि त्याच्यासमोरच काउंटरवरच्या ओंडक्याला झाड बांधून दाखवलं. तीन वेढे, एक गाठ, दोरा दिसतसुद्धा नव्हता. टाकीवाल्याने चष्मा वर सरकवला आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं.

मासे मात्र द्यायला त्याने साफ नकार दिला. आधी झाडं लावा, पाणी मुरू द्या, तीन आठवड्यांनी या. दिवा लहान, दिवसातून सहा तास. जास्त लावलात तर काचा शेवाळतील. आणि क्रिप्ट एकदा खड्यांत रोवली की हात मागे बांधायचे, म्हणाला. तिने मान डोलावली. हात लावायला वेळ होता कुणाला?

सोमवारी दुकान बंद असतं. त्या दिवशी दोघांनी मिळून टाकी लावली. सासऱ्यांनी बाह्या वर केल्या. खडे त्यांनी बादलीत नऊ वेळा धुतले. पाणी आरपार दिसेपर्यंत गाडी धुतली असं म्हणायचं नाही, हा त्यांच्या डेपोतला नियम होता. तळाशी बशी ठेवून तिच्यावर हळू हळू पाणी सोडलं, म्हणजे खडे उधळत नाहीत, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. टाकी बाकाशेजारच्या ठेंगण्या कपाटावर बसली. सकाळी त्या छताजवळच्या खिडकीतून उजेडाची एक तिरीप यायची आणि टाकीच्या डाव्या कोपऱ्यावर तासभर थांबून जायची. एक क्रिप्ट तिथे लागली, दोन उजवीकडे मागच्या बाजूला.

सगळं झाल्यावर सासऱ्यांनी विचारलं, की प्रवासी कधी येणार? तीन आठवड्यांनी, ती म्हणाली. तोवर? तोवर ही झाडंच. त्यांनी टाकी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली, पहिल्या फेरीआधी गाडी बघावी तशी, आणि मान हलवली.

आठ दिवस दृष्ट लागावी असे गेले. सासरे टाकीकडे तोंड करून बसले. पेपर मांडीवर घडी घातलेलाच राहिला. मॉसमधून एखादा बुडबुडा सुटला की ते तिला खुणावून दाखवायचे. खुर्चीवर कुणी बसलं की मान आरशाकडे जायची, नाही असं नाही, पण लगेच वळून पाण्यात उतरायची. तिने पोस्टातल्या बाईंना फोन करून कळवलं, की आता या, आता आमच्या बाबांना दुसरा उद्योग मिळालाय, ते टाकीतच बघत बसतात. फोन ठेवताना ती गुणगुणत होती.

नवव्या दिवशी एका क्रिप्टच्या पानाची कड कांद्याच्या पापुद्र्यासारखी पारदर्शक झाली. दुसऱ्या दिवशी तिथे भोक. तिसऱ्या दिवशी पान बोट लावताच विरघळलं. मग शेजारची. मग तिसरी. एक झाली की एक, जणू नंबर लावून.

तिने आधी रंगाच्या वासावर संशय घेतला आणि कुणाचे केस रंगवताना टाकीवर टॉवेल पांघरायला लागली. मग स्प्रेवर. मग पाण्यावर; अर्धं बदललं. अनुबियास ठणठणीत, फर्न ठणठणीत, मॉसला तर जगाची पर्वा नव्हती. फक्त क्रिप्ट चालल्या होत्या. सासरे टाकीजवळ सरकले, गप्प झाले. काय झालं असेल, असं तिने विचारलं की म्हणायचे, बघतोय मी, करतोय काहीतरी. तिला वाटलं, बघणं हेच त्यांचं करणं. आणि टाकीत बघवेना तशी त्यांची मान पुन्हा आरशाकडे जायला लागली, पहिल्यापेक्षा जास्तच.

तिसऱ्या आठवड्याच्या मंगळवारी पोस्टातल्या बाई आल्या. कुजलेल्या पानांचा वास शाम्पूच्या वासावर मात करत होता. रंग झाला, केस धुऊन झाले, ती ड्रायरने केस वाळवायला लागली. ड्रायर घुं घुं करत होता म्हणून बाई मोठ्याने बोलत होत्या, आणि त्या काय म्हणतात ते ऐकू यावं म्हणून तिने नेमका त्याच वेळी ड्रायर बंद केला.

"म्हणजे आजोबांनी आमच्याकडे बघू नये म्हणून तुम्ही टाकी आणलीत, आणि ते तर अजून आमच्याकडेच बघतायत."

पंपाचा आवाज तेवढा राहिला. बाईंनी जीभ चावली. सासरे उठले, पेपरची आणखी एक घडी घातली, बाकावर ठेवला आणि जरा पाय मोकळे करून येतो म्हणाले. सात पायऱ्या त्यांनी कठड्याला धरून चढल्या. मग वरच्या खिडकीत त्यांचे तपकिरी बूट आले. जरा वेळ तिथेच उभे राहिले, एक बूट पुढे, एक मागे. मग घराच्या दिशेने गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, आज कणकण वाटते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, गुडघा. चौथ्या दिवशी तिने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. बाकाचं ते टोक रिकामं राहिलं, आणि कुणालाच शेवटच्या पायरीची आठवण न झाल्याने दोघी जणी धडपडल्या.

शनिवारी दुपारी दुकानाला पाटी लावून ती टाकीवाल्याकडे गेली. ओल्या कापसात गुंडाळून तिने एक क्रिप्ट नेली होती. पानं नव्हतीच, नुसती शेंडी. मेलेलं झाड दिलंत मला, ती म्हणाली. भांडायच्या तयारीनेच गेली होती.

त्याने कापूस उलगडला, शेंडी उजेडात धरली. "हलवलंत?"

कुणीही हलवलं नाही, तिने सांगितलं. एकदा लावलं ते लावलं.

तो म्हणाला, बाई, माणूस सांगतो एक आणि मूळ सांगतं दुसरं. त्याने तिला मुळं दाखवली. पांढरी, टणक, जिवंत, पण टोकाशी तुटलेली. एकदा नव्हे, कितीदा तरी. हे झाड उपटून पुन्हा लावलंय, पुन्हा उपटलंय. क्रिप्टचा स्वभाव असा, की जागा बदलली की ती सगळी पानं टाकून देते. मरत नाही. तिला पुन्हा कुठेतरी रोवा आणि विसरून जा. महिनाभरात मुळातून नवी पानं काढेल. पण रोज बस्तान हलवलंत, तर ती तरी काय करणार?

तिने आत्ता कुठे तो नंबर लागल्याचा हिशोब लावला. आधी ही, मग ती, मग तिसरी. आणि ती कोपरापर्यंत वर केलेली सासऱ्यांच्या शर्टाची बाही, जी रोज सकाळी ओली असायची आणि तिला वाटायचं, तोंड धुतलं असेल.

घरी सासरे दारामागच्या खुर्चीवर बसले होते आणि घरातले सगळे बूट-चपला पुढ्यात मांडून पॉलिश करत होते. तिचे, नवऱ्याचे, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या सपातासुद्धा. ती समोर फरशीवर बसली आणि कापसातली शेंडी त्यांच्यापुढे ठेवली.

"बाबा, यांना तुम्ही हलवत होतात?"

त्यांनी ब्रश खाली ठेवला. लपवायचं असं त्यांच्या मनात काही नव्हतंच. तो खिडकीचा उजेड एकाच कोपऱ्यात येतो, ते म्हणाले. एकटीच तिथे बसलेली, बाकीच्या दोघी मागे अंधारात. मग ते रोज सकाळी, ती वर केसांचा कचरा टाकायला गेली की, एकीला उठवून दुसरीला तिथे बसवायचे. पाळी लावून. पानं गळायला लागली तेव्हा त्यांना वाटलं, उजेड कमी पडतोय, म्हणून पाळ्या वाढवल्या, सकाळी एक आणि संध्याकाळी निघताना एक.

"मागे बसलेल्याला कधीच खिडकी मिळू नये का?" त्यांनी विचारलं. अगदी खरं विचारलं.

तिला हसू आलं. तिने टाकीवाल्याचं सगळं सांगितलं. ऐकून त्यांनी ती शेंडी तळहातावर घेतली. म्हणजे माझ्यामुळेच, म्हणाले. मग, तिच्याकडे न बघता, त्या बाई बोलल्या ते खरं का, म्हणून विचारलं.

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. खरं आहे, ती म्हणाली. बायकांना अवघडल्यासारखं होतं, बाबा. तुमच्या मनात काही नसतं, मला ठाऊक आहे, पण त्यांना कसं ठाऊक असणार? म्हणून टाकी आणली. तुम्ही यायचं बंद व्हावं म्हणून नाही. तुम्हाला येत राहता यावं म्हणून.

सासऱ्यांनी एक बूट उचलला, पुसलेलाच पुन्हा पुसला. मग सावकाश, आठवून आठवून सांगायला लागले. त्यांना बायकांची तोंडं दिसतच नव्हती. विचार, म्हणाले, कुणाच्या केसांचा रंग कोणता, मला सांगता येणार नाही. मी एवढंच बघतो, की सगळे बसलेत का. उभा आहे तो धरून उभा आहे का. चौतीस वर्षांत माझ्या गाडीत एकही माणूस पडला नाही, सूनबाई. एकही नाही. ते बघितल्याशिवाय पाय ब्रेकवरून निघत नाही.

"मग कळायचं कसं, की आता सगळे बसले?"

"कंडक्टर घंटी द्यायचा. दोन टोले. ते ऐकले की आरसा सोडायचा आणि रस्ता बघायचा." त्यांनी बूट खाली ठेवला. "तुझ्या दुकानात घंटीच नाही."

ती उठली. पाहुण्यांच्या सपाता तिने आत नेऊन ठेवल्या, बाकीचे जोड जागेवर लावले, सासऱ्यांचे तपकिरी बूट त्यांच्या पायाशी ठेवले. उद्यापासून मी देते, ती म्हणाली. त्यांनी मान हलवली. बायकांना त्रास होत असेल तर मी नको. दोन दिवस येऊन बघा, ती म्हणाली, नाही जमलं तर तुम्हीच सांगा. आणि मासे यायचेत पुढच्या आठवड्यात, सहा. हातात कात्री घेऊन सहा मासे मोजत बसायला मला जमायचं नाही.

सहा? त्यांनी विचारलं. मग बूट ओढून घेतले.

रविवारी सकाळी तिने तिन्ही शेंड्या रोवल्या, जिथे जागा दिसली तिथे. सासरे बाकावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. पहिलं गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं, तिने कापड बांधलं आणि कंगव्याच्या मुठीने खुर्चीच्या पाठीवर दोन टोले दिले. टक, टक. आरशातली नजर तिच्यावर येऊन थांबली. मग खाली गेली, टाकीकडे वळली, आणि दोन्ही भुवया कोरून सारख्या होईपर्यंत वर आली नाही.

ते इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं, आणि नव्हतंही. सोमवारनंतरच्या गर्दीत ती दोनदा टोले द्यायला विसरली, तेव्हा सासरे आरशातून हलेचनात, शेवटी खाकरले. एका बाईने विचारलं, हे टकटक कशासाठी, आणि तिने खरं ते सांगितलं. त्या बाईने ते शेजारणीला सांगितलं. मासे आले, नखाएवढे, आणि दिवसभर त्यांची मोजदाद सुरू झाली. पाच दिसले की सासरे अस्वस्थ, सहावा ओंडक्याआडून निघाला की हुश्श. तीनपैकी एक क्रिप्ट गेली ती गेलीच. दुसरीला दोन पानं फुटली, तपकिरी, उंदराच्या कानाएवढी, आणि तीही मागच्या अंधाऱ्या बाजूला. सासऱ्यांनी ती चष्मा लावून बघितली, चष्मा काढून बघितली. हात लावला नाही. सुनेला कळू दे म्हणून मुद्दाम हात मागे बांधून उभे राहिले.

पोस्टातल्या बाईंचा मंगळवार आला. येतील की नाही, याची तिला खात्री नव्हती. त्यांच्याबरोबरच्या सगळ्या जणी त्या जिथे जातील तिथे जाणार होत्या. अकराला खिडकीत काळ्या सँडल आल्या आणि थांबल्या. बाई खाली आल्या, दार अर्धं उघडलं, बाकावर बसलेल्या सासऱ्यांना बघितलं आणि हात दाराच्या मुठीवरच राहिला. सासऱ्यांनी वर न बघता सांगितलं, शेवटची पायरी.

ती कात्री ठेवून दारापाशी गेली. हळू आवाजात, चार वाक्यांत, तिने सगळं सांगितलं: गाडी, आरसा, पडलेला एकही माणूस नाही, दोन टोले. नाही पटलं तर दुसरीकडे जा, बाई, मी मनात काही ठेवणार नाही, असंही म्हणाली. पण त्यांची जागा मी हलवणार नाही.

बाईंनी पुन्हा एकदा बाकाकडे बघितलं.

"म्हणजे मी नीट बसले की नाही, एवढंच?"

"एवढंच."

त्या पुढे आल्या. मी घरी जेवणाच्या टेबलावर मुठीने शिक्के मारते म्हणून मुलं हसतात, असं काहीतरी वाटेत पुटपुटल्या. खुर्चीत बसल्या, पाय खालच्या पट्टीवर ठेवले, मान सरळ केली. तिने कापड बांधलं, मागची गाठ मारली आणि कंगव्यासाठी हात लांबवला.

तेवढ्यात कापडाखालून बाईंचा हात बाहेर आला आणि त्यांच्या बोटातल्या अंगठीने खुर्चीच्या लोखंडी हाताला दोनदा ठोकलं.

आरशात सासऱ्यांनी त्यांच्याकडे बघितलं, किंचित मान लववली आणि टाकीकडे वळले. ओठ हलले, सहापर्यंत.

"या वेळी जरा गडद करा," बाई म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले.